अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस : नव्वद वर्षांची वाटचाल

स्मरणिकेतल्या इतिहासाच्या लेखाचा एक ठरलेला घाट असतो. आधी संस्थापकांचे हार घातलेले फोटो, मग आजवरच्या अध्यक्षांची यादी, देणगीदारांची नामावली आणि मधल्या पानावर वास्तूच्या कोनशिलेचे छायाचित्र. आपल्या संपादक मंडळाची इथेच पंचाईत झाली. सभासदांचे फोटो छापायचे नाहीत. बाहेरची देणगी घ्यायची नाही, त्यामुळे नामावलीचा प्रश्नच नाही. गटांवर हुकूम चालवील असा अध्यक्ष आपल्याकडे नाही. आणि वास्तू म्हणाल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणाचा तरी वर्ग किंवा हॉल तासा-दीड तासासाठी मिळतो, तेवढीच. उरला तो इतिहास. तो मात्र भरपूर आहे.

१० जून २०२५ रोजी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या आपल्या फेलोशिपला ९० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त हा आढावा. दोन्ही संस्थापकांची पूर्ण नावे त्यांच्या पश्चात सर्वांना ठाऊक झाली आहेत, म्हणून ती लेखात येतील. आपल्याकडच्या सभासदांची नावे येणार नाहीत. ज्यांनी भर पावसात हॉलच्या चाव्या आणल्या, चहाची किटली सांभाळली, अपरात्री फोन आल्यावर चपला घातल्या, त्यांचे श्रेय या लेखात जागोजागी आहेच. ते आपापले ओळखून घ्यावे.

१९३४ ते १९४० : पंधरा मिनिटांची भेट

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली. तेरा वर्षे कायदा होता तेव्हा ज्यांना पिणे आवरत नव्हते, त्यांना तो उठल्यावरही आवरत नव्हते. न्यूयॉर्कचे शेअर दलाल बिल विल्सन त्यांपैकीच एक. १९२९ मध्ये बाजार कोसळला आणि आधीपासूनचे त्यांचे पिणे पार हाताबाहेर गेले. राहते घर ब्रुकलिनमधले, तेही सासऱ्यांचे. पत्नी लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवत. टाउन्स हॉस्पिटलमध्ये बिल पुन्हा पुन्हा दाखल होत आणि बाहेर पडून पुन्हा पीत. तिथल्या डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांचे म्हणणे असे, की ही शरीराची एक प्रकारची ॲलर्जी आणि मनाचा ध्यास आहे. यात इच्छाशक्तीचा कमीपणा शोधू नये. ‘ॲलर्जी’ हा शब्द आजचे डॉक्टर वापरणार नाहीत. पण दारुड्याला एक तर उपदेश करायचा नाहीतर कोंडून ठेवायचे, एवढेच उपाय ज्या काळात होते, त्या काळात ‘तुम्ही आजारी आहात’ असे सांगणारा डॉक्टर भेटणे ही मोठीच गोष्ट होती.

दुसरा धागा थेट स्वित्झर्लंडहून आला. रोलंड हॅझर्ड नावाचे एक अमेरिकन उद्योजक मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्याकडे उपचारासाठी गेले होते. औषधाने किंवा मानसोपचाराने तुम्ही सुटाल असे मला वाटत नाही, एखादा खोल आध्यात्मिक अनुभव आला तरच काही आशा, असे युंग यांनी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितले. हॅझर्ड ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत गेले आणि सावरले. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी एबी थॅचर यांना सावरले. आणि नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी आपल्या जुन्या पिण्यातल्या दोस्ताकडे, बिलकडे, येऊन बसले. टेबलावर जिन आणि अननसाचा रस होता. एबींनी ‘नको’ म्हटले. उपदेश केला नाही, आपली हकीकत सांगितली. फेलोशिपचे पुढचे सगळे काम त्या टेबलापासून सुरू होते असे म्हटले तरी चालेल.

११ डिसेंबर १९३४ ला बिल शेवटचे प्यायले आणि टाउन्समध्ये दाखल झाले. तिथे त्यांना आलेल्या प्रखर प्रकाशाच्या अनुभवाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून तो इथे विस्ताराने देत नाही. त्यानंतरचे सहा महिने जास्त बोलके आहेत. बिल दिसेल त्या दारुड्याला धरून आपला साक्षात्कार सांगत सुटले. एकही जण सुधारला नाही. निराश होऊन त्यांनी लोइसना हे सांगितले, तेव्हा लोइसनी लक्षात आणून दिले, की तुम्ही स्वतः मात्र अजून कोरडे आहात. आणि डॉ. सिल्कवर्थ यांनी सल्ला दिला, की साक्षात्कार राहू द्या, आधी आजाराचे बोला.

१९३५ च्या मे महिन्यात बिल एका यंत्रसामग्रीच्या कंपनीच्या ताब्यासाठीची लढाई घेऊन ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात गेले. ती हरले. खिशात थोडे डॉलर, मेफ्लॉवर हॉटेलची लॉबी, एका बाजूला गजबजलेला बार आणि दुसऱ्या बाजूला चर्चच्या यादीशेजारी टेलिफोन. त्यांनी टेलिफोन उचलला. एका धर्मगुरूंमार्फत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंचा पत्ता लागला आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवार १२ मेला, शहरातले शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांना आपल्या घरी बोलावून घेतले. आदल्या दिवसाचा अंमल डॉक्टरांच्या अंगावर होता. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असे बायकोला बजावूनच ते आले होते. ते उठले तेव्हा सहा तास होऊन गेले होते. डॉक्टरांनी पुढे सांगितलेले कारण साधे आहे : दारूविषयी स्वतःच्या अनुभवाने बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

डॉक्टर लगेच सुटले नाहीत. वैद्यकीय परिषदेसाठी ते अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे पिऊन परतले. बिल आणि डॉक्टरांच्या पत्नी ॲन यांनी त्यांना घरीच सावरले. टोमॅटो, खारवलेला कोबी आणि मक्याचे गोड सिरप असा आहार चालला होता. असे इलाज तेव्हापासूनचे आहेत. एका शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी हात थरथरू नयेत म्हणून बिलनी डॉक्टरांना एक बीअर दिली. ती शेवटची. १० जून १९३५ हा त्या बाटलीचा दिवस फेलोशिपचा स्थापना दिवस म्हणून मानला जातो. पुढे काही दिवसांतच दोघे ॲक्रनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये खाटेला बांधून ठेवलेल्या एका वकिलाला भेटले. नर्सना मारहाण केल्यामुळे त्याला बांधले होते. तो तिसरा सभासद.

१९३७ च्या अखेरीस दोघांनी हिशोब मांडला तर ॲक्रन आणि न्यूयॉर्क मिळून चाळीसएक जण टिकून होते. आनंद झाला आणि लगेच मोठमोठे बेत सुरू झाले : इस्पितळे काढावीत, पगारी प्रचारक नेमावेत, पुस्तक छापावे. पैशासाठी धाव घेतली ती जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे. त्यांना काम मनापासून आवडले. म्हणूनच त्यांनी पाच हजार डॉलर दिले आणि जास्त द्यायचे नाकारले. पैशाने हे काम बिघडेल, असे त्यांचे मत पडले. त्या वेळी सगळे हिरमुसले. मागे वळून पाहता फेलोशिपला मिळालेली सर्वांत मोठी देणगी हा नकारच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इस्पितळे राहिली, पुस्तक झाले. १९३८ च्या डिसेंबरात त्यासाठी दारूतून सावरण्याच्या बारा पायऱ्या लिहून झाल्या. देवाचा उल्लेख किती आणि कसा असावा यावर दोन्ही गावच्या मंडळींत बरीच चर्चा झाली. श्रद्धाळू, अश्रद्ध आणि कुंपणावरचे सगळेच त्यात होते. शेवटी ज्याला जसा समजेल तसा परमेश्वर, या तोडग्यावर सर्वांचे जमले. आपल्याकडे आज त्याच पायरीवर कुणी विठ्ठल म्हणतो, कुणी येशू, कुणी ‘हा समोर बसलेला गट’, आणि कुणाचे अडत नाही. १० एप्रिल १९३९ ला पुस्तक निघाले. किंमत साडेतीन डॉलर. एवढे पैसे मोजणाऱ्याला हातात काहीतरी भरीव मिळाल्यासारखे वाटावे म्हणून जाड कागद वापरला, म्हणून ते ‘बिग बुक’. गठ्ठे बराच काळ गोदामात पडून राहिले. त्याच महिन्यात बिल आणि लोइस यांचे ब्रुकलिनचे घर गेले आणि पुढची दोन वर्षे त्यांनी मित्रांच्या घरी पाहुणचारावर काढली. पुस्तकाच्या हिशोबावरून काही सहकारी दुखावले गेले. ते आता जुने झाले.

१९४० ते १९५० : बारा परंपरा

१ मार्च १९४१ च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला. हे अलेक्झांडर भोंदूपणा उघडकीस आणण्यात हातखंडा असलेले गृहस्थ. संशय घेऊनच आले आणि पाठीराखे होऊन गेले. त्या वर्षाच्या सुरुवातीला सभासद सुमारे दोन हजार होते, अखेरीला आठ हजार. न्यूयॉर्कच्या छोट्या कचेरीत पत्रांचे ढीग लागले. बायकांची पत्रे, आयांची पत्रे. एकेका पत्राला उत्तर जाई आणि जवळच्या गावात कोणी सभासद असेल तर त्याचा पत्ता कळवला जाई. ॲक्रनला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया आणि डॉ. बॉब मद्यपींना दाखल करून घेऊ लागले. इतर इस्पितळे अशा रुग्णांना दारात उभे करत नसताना डॉक्टरांच्या हयातीत तिथे पाच हजारांच्या आसपास रुग्ण येऊन गेले. डॉक्टरांनी त्यांच्याकडून आपल्या श्रमाचे पैसे घेतले नाहीत.

गट वाढले तसे प्रश्न वाढले. कुणाला घ्यावे, कुणाला घेऊ नये? न्यूयॉर्कच्या कचेरीने एकदा सगळ्या गटांकडून त्यांचे प्रवेशाचे नियम मागवले. यादी एकत्र केल्यावर असे दिसले, की ते सगळे नियम एकाच वेळी लागू केले तर कुणालाच प्रवेश मिळणार नाही, संस्थापकांनाही नाही. त्यातून तिसरी परंपरा आली : पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट.

एका गावच्या उत्साही सभासदाने क्लब, दवाखाना आणि शिक्षण अशी तीन मजली योजना आखली आणि ती चालवायला ६१ नियम केले. योजना अर्थातच कोसळली. तेव्हा त्या गृहस्थांनी सगळ्या गटांना एक कार्ड पाठवले, त्यावर ‘नियम क्रमांक ६२’. आत लिहिलेल्याचा मथितार्थ एवढाच की स्वतःला फार मोठे समजू नये. आपल्या गटांत आजही कार्यक्रमपत्रिकेवरून वाद रंगला की कुणीतरी हळूच ‘बासष्ट’ म्हणतो आणि चहा मागवला जातो.

इतिहासातला एक इशाराही समोर होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन नावाची संघटना काढली. दारुड्याने दारुड्याला सोडवायचे, हीच कल्पना. काही वर्षांतच लाखांनी माणसे आली. मग राजकारण आले, दारूबंदीचा प्रचार आला, त्या काळच्या प्रत्येक प्रश्नावर संघटनेने मत द्यायला सुरुवात केली, आणि मूळ काम बाजूला पडून ती विरून गेली. आपली फेलोशिप दारूबंदीच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही, याचे कारण इथे आहे. गावातली बाटली आडवी करण्यासाठी मतदान होते तेव्हा आपल्या सभासदांना हमखास विचारणा होते, की तुमचा पाठिंबा कसा नाही? नागरिक म्हणून ज्याने त्याने मत द्यावे. गटाला मत नाही.

हे सगळे अनुभव बिल यांनी बारा मुद्द्यांत मांडले, त्याच बारा परंपरा. ते १९४६ च्या एप्रिलमध्ये ‘ग्रेपव्हाइन’ या फेलोशिपच्या मासिकात छापून आले आणि जुलै १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात मान्य झाले. पायऱ्या माणसाला जगवतात आणि परंपरा गटाला, असे जुने सभासद सांगतात. परंपरांचा रोख बहुतेक एकाच दिशेला आहे : नको म्हणणे. बाहेरचा पैसा नको, सत्ता नको, मालमत्ता नको, प्रसिद्धीत नाव नको, दुसऱ्या संस्थेला आपले नाव नको. ज्या माणसाला रोज पहिल्या पेल्याला नको म्हणायचे आहे, त्याच्या गटालाही तीच सवय लावून घ्यावी लागली. १९४८ मध्ये एका बाईंनी मृत्युपत्रात ठेवलेले दहा हजार डॉलर विश्वस्तांनी बरीच ओढाताण होऊन परत पाठवले, तेव्हा ही सवय पक्की झाली. या स्मरणिकेत साबणाची, सराफांची किंवा सहकारी बँकेची एकही जाहिरात नाही, याचा खुलासा त्यातच आला. छपाईचा खर्च मीटिंगमध्ये फिरणाऱ्या पिशवीतून झाला आहे.

१९५० ते १९६० : सेंट लुइस आणि दिल्ली

क्लीव्हलंडला डॉ. बॉब आजारी अवस्थेत आले होते. साधेपणा सोडू नका, असे मोजके बोलले. १६ नोव्हेंबर १९५० रोजी ते गेले. पुढच्याच वर्षी लोइस आणि त्यांच्या एका मैत्रिणीने कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन सुरू केले. नवरे मीटिंगमध्ये बसलेले आणि बायका बाहेर किंवा स्वयंपाकघरात कॉफी करत थांबलेल्या, असे वर्षानुवर्षे चालले होते. नवरा सुधारला तरी आपला राग का जात नाही, हे त्या बायकांचे आपसातले बोलणे हाच त्या फेलोशिपचा पाया. मराठी घरात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर उभी राहणारी, दुकानदाराला ‘त्यांना उधार देऊ नका’ म्हणून विनवणारी, पोरांना ‘बाबांना बरं नाही’ सांगणारी बाई घरातल्या पिणाऱ्याइतकीच त्या बाटलीभोवती फिरत असते.

या दशकात सन्मान आले. १९५१ चा लास्कर पुरस्कार फेलोशिपने सामूहिकपणे स्वीकारला. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने बिल यांना मानद डॉक्टरेट देऊ केली. ती त्यांनी नाकारली. नाव न घालता द्या, असे सुचवून पाहिले, पण डॉक्टरेट नाव न घालता देता येत नाही. हे नाकारणे त्यांना सोपे गेले नाही, हेही त्यांच्याच पत्रांतून कळते. १९५३ मध्ये पायऱ्या आणि परंपरांवरचे पुस्तक आले. १९५५ मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात बिल यांनी फेलोशिपची सूत्रे गटांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या परिषदेकडे सोपवली. हयातीत आणि आपण होऊन खुर्ची सोडणाऱ्या संस्थापकांची उदाहरणे आपल्याकडे शोधावी लागतील.

भारतात काम सुरू झाले ते १९५७ मध्ये, दिल्लीत. कामानिमित्त तिथे आलेल्या एका कॅनेडियन सभासदाला स्वतःला टिकवायला दुसरा मद्यपी हवा होता. ॲक्रनच्या लॉबीत बिलना होती तीच गरज. मुंबईतही लवकरच पाय रोवले गेले. तेव्हाच्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी होती. परवाना असलेल्याला मिळे आणि नसलेल्यालाही मिळे, फक्त ती हातभट्टीची असे आणि आंटीच्या अड्ड्यावर मिळे. दारू कायद्याने नाही म्हटल्यावर दारुडाही कागदोपत्री नाहीच. अशा शहरात ‘मी अल्कोहोलिक आहे’ असे उठून सांगणे म्हणजे समाजात अब्रू आणि चौकीत गुन्हा, दोन्ही पणाला लावणे. नाव न सांगण्याच्या परंपरेचा आपल्याकडचा पहिला उपयोग असा अगदी व्यावहारिक होता.

१९६० ते १९८० : सावकाश वाढ

१९६१ मध्ये बिल यांनी युंग यांना पत्र लिहून तीस वर्षांपूर्वीच्या त्या एका संभाषणातून पुढे काय काय झाले ते कळवले. युंग यांचे सविस्तर उत्तर आले; त्यानंतर काही महिन्यांतच ते निवर्तले. १९६५ च्या टोरंटो अधिवेशनात जबाबदारीची प्रतिज्ञा घेतली गेली : कुणीही, कुठेही मदतीसाठी हात पुढे केला तर आपला हात तिथे असेल, आणि त्याची जबाबदारी माझी. सुरुवातीपासून विश्वस्तांत बिगर-मद्यपींचे बहुमत होते, कारण तिजोरी दारुड्यांच्या हाती द्यायला खुद्द दारुडेच तयार नव्हते. ते प्रमाण याच दशकात उलटवले गेले. २४ जानेवारी १९७१ रोजी बिल गेले आणि वृत्तपत्रांतून त्यांचे पूर्ण नाव जगाने वाचले.

मुंबईत आणि गोव्यात या काळात काम प्रामुख्याने इंग्रजीतून चाले. चर्चचे हॉल मिळत, पाद्री मदत करत, सभासदांत ख्रिस्ती समाजातले लोक बरेच असत. त्यामुळे ‘ही मिशनऱ्यांची भानगड’ असा समज झाला, तो पुसायला वेळ लागला. तो पुसला भाषेने. मराठीतून, हिंदीतून आणि कोकणीतून शेअरिंग, म्हणजे मीटिंगमध्ये आपले अनुभव सांगणे, सुरू झाले तसा गिरणीतला साचेवाला, बेस्टचा कंडक्टर, पोलीस शिपाई, शाळामास्तर असा निराळाच माणूस खुर्चीवर येऊन बसू लागला. इंग्रजीत ‘रिझेंटमेंट’ म्हणताना सगळे माना डोलावत. मराठीत तेच कुणी ‘भावकीचा राग’ म्हणून सांगितले की सगळ्यांना आपापल्या बांधाची भांडणे आठवत आणि शेअरिंग तासभर लांबे.

या मंडळींना पहिल्या पेल्याचे तत्त्व नव्याने समजावून सांगावे लागले नाही. दहावा पेला चढवत नाही, पहिलाच चढवतो, हे राम गणेश गडकऱ्यांनी आपल्या नाटकाच्या नावातच सांगून ठेवले आहे. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले १९१९ मध्ये, ॲक्रनच्या भेटीच्या सोळा वर्षे आधी. त्याचा नायक सुधाकर शपथ घेतो आणि मोडतो. तळीरामाने पिणाऱ्यांचे आर्यमदिरामंडळ काढले, पण न पिणाऱ्यांचे मंडळ काही नाटकात नाही. सुधाकर एकटा पडला, हे आमच्या अनेक सभासदांचे त्या नाटकावरचे समीक्षण आहे आणि ते चुकीचे वाटत नाही.

१९८० ते २००० : महाराष्ट्रातले मित्र

ऐंशीचे दशक सुरू झाले तेव्हा उपचार केंद्रे म्हणावीत अशी महाराष्ट्रात फारशी नव्हतीच. मनोरुग्णालय किंवा घर, एवढेच पर्याय. १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. त्यांनी बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभे राहिले. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचट यांनी केलेले लेखन, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पुढे केलेला मदतीचा हात आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी उचललेली रोजची जबाबदारी, असा तो योग होता. सहाव्या परंपरेप्रमाणे फेलोशिप कोणत्याही केंद्राशी जोडलेली नाही आणि कोणतेही केंद्र फेलोशिपचे नाही. पण केंद्रातून घरी गेलेल्या माणसाला संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ खायला उठतो. त्या वेळात जाण्यासाठी जागा असावी लागते, आणि ती जागा मीटिंगने दिली. इतके हे नाते साधे आहे.

गावोगाव गट निघाले. एका गटाचे दोन झाले, आणि ते नेहमी प्रेमानेच झाले असे नाही. पण दोन्हीकडच्या खुर्च्या भरल्या, हे महत्त्वाचे. साहित्याची भाषांतरे झाली, बिग बुक मराठीत आले. भारतातल्या कामाचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. तिथून ही पुस्तके आणि पत्रके देशभर जातात.

नवख्या वाचकासाठी मीटिंगबद्दल थोडे. महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली मोठी माणसे, फळ्यावर सकाळचा भागाकार तसाच. सुरुवातीला शांतता आणि प्रार्थना, मग एखाद्या पायरीचे वाचन. त्यानंतर जो बोलेल तो आधी नाव सांगतो आणि मी अल्कोहोलिक आहे म्हणतो. तो बोलत असताना कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, तपासत नाही. मध्येच सातव्या परंपरेची पिशवी फिरते. मूठ आत जाते, किती टाकले ते दिसत नाही. नवीन माणसाने काही टाकू नये असे सांगतात. कुणाचा न पिण्याचा वर्षाचा बर्थडे असेल तर केक येतो आणि बहुतेक वेळा बायको किंवा मुलगी दोन शब्द बोलते. ज्याची स्लिप झाली, म्हणजे जो पुन्हा प्यायला, तो परत आला तर त्याला कुणी हिशोब विचारत नाही. ‘बरं झालं आलास’ म्हणतात आणि चहा देतात.

२००० नंतर

नव्या शतकात फेलोशिपची घडी बसलेली आहे, त्यामुळे इतिहासकाराला सांगण्यासारखे थोडेच. बिग बुकची चौथी आवृत्ती २००१ मध्ये आली. स्त्रियांच्या वेगळ्या मीटिंगा वाढल्या. आपल्याकडे हे काम अजून तोकडे आहे. पिणारा पुरुष घरच्यांना सांभाळून घ्यावासा वाटतो आणि पिणारी बाई लपवावीशी वाटते, त्यामुळे भगिनी सभासदांना दार सापडायला दुप्पट वेळ लागतो. तुरुंग आणि इस्पितळांतल्या मीटिंगा नियमाने चालू आहेत.

२०२० चा मार्च महिना मात्र नोंदवायला हवा. २५ मार्चपासून टाळेबंदी आली. दारूची दुकाने बंद झाली आणि मीटिंगची खोलीही. अचानक दारू तुटल्याने घरोघरी माणसे थरथरू लागली, कुणाला भास होऊ लागले. अशा वेळी दवाखाना आधी, मीटिंग नंतर, हे जुन्या सभासदांनी फोनवरून पुन्हा पुन्हा सांगितले. ४ मे रोजी दुकाने उघडली आणि रांगा लागल्या. त्या रांगांसमोरून भाजी आणायला जाणे ही अनेकांची त्या वर्षातली मोठी परीक्षा होती. काही दिवसांतच झूमवर मीटिंगा सुरू झाल्या. ज्यांना मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही येत नव्हते, ते नातवंडांकडून ‘म्यूट’ आणि ‘अनम्यूट’ शिकले. त्या मीटिंगा आजही चालू आहेत. दुबईत किंवा न्यू जर्सीत नोकरीला असलेला मराठी सभासद तिथून आपल्या गावच्या गटात बसतो. डेट्रॉइटचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन मात्र त्या वर्षी भरू शकले नाही.

त्याच मार्चमध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा प्रसिद्ध झाला. २७ अभ्यास आणि साडेदहा हजारांवर रुग्ण त्यात धरले होते. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत फेलोशिपची आणि बारा पायऱ्यांवर आधारलेल्या उपचारांची वाट इतर प्रस्थापित उपचारांइतकी, आणि काही बाबतींत त्यांच्याहून अधिक उपयोगी ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. मीटिंगमध्ये हे वाचून दाखवल्यावर एका ज्येष्ठ सभासदाने ‘हे त्यांना आत्ता कळलं होय’ एवढीच टिप्पणी केली. सगळ्यांनाच ही वाट मानवते असे नाही, हेही खरे. कुणाला औषधोपचार लागतात, कुणाला दोन्ही. डॉक्टरने दिलेले औषध सोडा, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही सभासदाला नाही, हे नवख्यांना सोबत करणाऱ्या स्पॉन्सर मंडळींनी लक्षात ठेवायचे आहे.

जुलै २०२५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला नव्वदीचे अधिवेशन झाले. आज सुमारे १८० देशांत फेलोशिप आहे, एक लाखाहून अधिक गट आहेत आणि सभासद वीस लाखांच्या घरात आहेत. हजेरीपट ठेवण्याची पद्धत नसल्यामुळे हे सगळे आकडे अंदाजाचे.

आपल्याकडच्या गटांचे सेवेकरी ठरल्याप्रमाणे या वर्षीही बदलले आहेत. मावळते सचिव आता खुर्च्या मांडतात, नवे सचिव हिशोबाची वही आणि चाव्या सांभाळतात. मीटिंगच्या जागा आणि वेळा शेवटच्या पानावर छापल्या आहेत. नवीन माणसाने आधी कळवण्याची गरज नाही. पिऊन आलेल्यालाही आत घेतले जाते. फक्त त्या दिवशी त्याने बोलायचे नाही, ऐकायचे.